हाताची घडी

पहिल्याच दिवशी मिस सोल्वे म्हणाल्या,
मदत करायची नाही.
मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं.
त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश,
कोणी मागेपर्यंत नाही.

तेव्हापासून एका बुटक्या खुर्चीवर बसते मी,
गुडघे छातीपाशी, हाताची घडी.
तोंडावर बोट ठेवायला कोणी सांगितलेलं नाही.
ते आपलं आपण जातं.

बाहेर डुलुथ.
तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठून लागतं
ते मार्चपर्यंत विचारायचं नाही.
आत अकरा माणसं, दीड ते तीन वर्षांची.
माणसंच म्हणते मी. इतकं गंभीर तोंड करून
काम करणारं दुसरं कोणी
आमच्या सांगलीच्या कचेरीत तरी नव्हतं.

एमेट चमच्याने अख्खे मसूर
या वाटीतून त्या वाटीत नेतो.
ती वाटी भरली की त्या वाटीतून या वाटीत.
पहिला आठवडा माझा जीव तुटत होता,
अरे, दोन माणसांची आमटी झाली असती!
आता मीही बघते
एक मसूर चमच्याच्या काठावर कसा थांबतो,
पडू की नको, करत.

इफ्राचा चंबू काचेचा, पेलाही काचेचा.
खरी काच. फुटते.
आज फुटली.
‘धांदरट’ हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला,
आईचा, तिच्या आईचा, चांगला वापरातला शब्द.
दातांमागेच धरून ठेवला.
मिस सोल्वेंनी काचा भरल्या.
इफ्राने स्पंज आणला आणि जमीन पुसली,
मग कोरडी जमीन पुसली,
टेबलाचा पाय पुसला, माझा बूट पुसला,
आणि दुसरा पेला घेऊन
जिथे राहिलं होतं तिथून सुरू.

सव्वाअकराला बाहेर जायचं.
कोट जमिनीवर पसरायचा, टोपी पायांकडे,
हात बाह्यांत घालायचे आणि फडकन
डोक्यावरून मागे, नदीत जाळं टाकतात तसा.
सोरेनचा कोट उलटा. टोपी ढुंगणावर.
पुन्हा. पुन्हा उलटा.
तिसऱ्यांदा सुलटा, तर चेनचं टोक खाचेत जाईना.
भिंतीवरच्या घड्याळात बारा मिनिटं.
घडीच्या आत माझी बोटं
ती चेन लावतायत, दहादा, वीसदा.

निषादच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या
चौथीपर्यंत.
खाली रिक्षावाला हॉर्न द्यायचा,
माझं मस्टर दहाला बंद व्हायचं,
आणि त्याचा पाय माझ्या मांडीवर,
तो दूध पीत, मी गाठ मारत.
बारा मिनिटं आमच्या घरात कोणाकडेच नव्हती.
आता दुकानातल्या यंत्रापुढे तो म्हणतो,
आई, दे इकडे, मी करतो.
मागे रांग असते. त्याचं चुकत नाही.
मी कार्ड देते.

झर्रर्र.
सोरेनची चेन गळ्यापर्यंत.
मी हात मोकळे केले, टाळीसाठी.
मिस सोल्वेंनी लांबूनच मान हलवली,
तीही नको.
त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.
तो दारात पोचला तेव्हा बाकीचे आत येत होते.
त्याने एक मूठ बर्फ उचलला,
हातमोजा चाटून पाहिला,
आत आला,
आणि कोट काढायला बसला.

संध्याकाळी स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत
तीन मसूर सापडले.
एक जमिनीवर घरंगळला, सोफ्याखाली.
मी वाकून हात घातला, चाचपडत.
काय पडलं, निषादने विचारलं,
तू ऊठ, मी काढतो.

थांब, म्हटलं.
तो थांबला.
बराच वेळ, कमरेवर हात ठेवून,
आणि मग, बहुधा नकळत, हाताची घडी घालून.